रॉकबॉक्स : हरवलेले फोल्डर परत आणताना

रॉकबॉक्स म्हणजे म्युझिक प्लेअरमध्ये कंपनीच्या सॉफ्टवेअरऐवजी टाकता येणारं मुक्त फर्मवेअर, म्हणजे प्लेअर चालवणारं आतलं सॉफ्टवेअर. २००१ साली आर्कोस कंपनीच्या प्लेअरपासून सुरू झालेलं हे फर्मवेअर फोल्डरच्या बाबतीत कंपनीच्या सॉफ्टवेअरपेक्षा कितीतरी सरळ आहे. गाणी कॉपी करा, वाजवा. भानगड होते ती फोल्डर गायब झाल्यावर.

प्लेअर सुरू होताना ‘फाइल नॉट फाउंड’ आलं, तर बहुधा रॉकबॉक्सच्या स्वतःच्या फाइल्सचा ‘.rockbox’ फोल्डरच उडालेला असतो. बूटलोडर, म्हणजे रॉकबॉक्स सुरू करून देणारा छोटा प्रोग्राम, वेगळा असतो, त्यामुळे घाबरायचं कारण नाही. आपल्याच मॉडेलची रॉकबॉक्सची झिप घेऊन ती थेट प्लेअरच्या मुळाशी (रूटमध्ये) उघडा, दुसऱ्या फोल्डरच्या पोटात नको. सेटिंग्ज ‘config.cfg’मध्ये असतात, त्या एका फाइलची प्रत आधीच काढून ठेवावी.

गाण्यांचे फोल्डर संगणकावर दिसतात पण प्लेअरवर नाहीत? ‘हिडन’ची खूण तपासा. विंडोजच्या कमांड प्रॉम्प्टमध्ये, तो फोल्डर जिथे ठेवलाय तिथून (त्याच्या आत जाऊन नव्हे) ‘attrib -h -s /s /d’ चालवलं की काम होतं. आयपॉडचा संगीत फोल्डर मुळातच लपवलेला असतो. रॉकबॉक्सच्या सेटिंग्जमध्ये ‘शो फाइल्स’ला ‘ऑल’ केलं की दिसतो, पण आत एफ००, एफ०१ आणि चार अक्षरी नावं. तिथे रॉकबॉक्सचा डेटाबेस, म्हणजे गाण्यांची यादीच बरी, कारण ती टॅग (फाइलमधली गाणं-गायकाची माहिती) वाचते. मात्र तिच्यात जुनी नोंद राहते, म्हणून डेटाबेसच्या मेनूतलं ‘इनिशियलाइझ नाऊ’ करावं.

आयट्यून्सचं ‘रिस्टोअर’ मात्र सगळंच पुसतं, बूटलोडरसकट. नाव फसवं आहे.