गच्चीवरील पुदिन्यासाठी गांडूळखत
नाशिकमध्ये पंचवटीतील एका रोपवाटिकेतून घेतलेले गांडूळखत मी पुदिना, तुळस आणि गवती चहाला घातले. चहाच्या भुकटीसारखे रवाळ असलेले हे खत पूर्ण कुजलेले आहे, ही मोठी जमेची बाजू. कारण अर्धवट कुजलेले शेणखत कुंडीत तापते आणि कोवळी मुळे करपतात. छाटणीनंतर मूठभर खत मातीत मिसळल्यावर पुदिन्याला भरगच्च फुटवा आला. गवती चहा मुळातच खादाड, त्याला जास्त लागते. युरियाने पाने झपाट्याने वाढतात, परंतु नत्र अति झाले की सुगंध फिका पडतो, म्हणून सुगंधी पिकांना हे सावकाश लागू पडणारे खतच मला योग्य वाटते. मात्र पिशवीच्या तळाशी ओल इतकी होती, की वजनात पाण्याचेही पैसे मोजावे लागले.