पाठीवरचा वेताळ: बारिलोचेत आठ महिने चाइल्ड कॅरिअर वापरून

सप्टेंबरात घेतलेलं चाइल्ड कॅरिअर, म्हणजे मूल पाठीवर घेऊन चालायची सॅक, एप्रिल संपता संपता विकायला काढलंय. हातातून जाण्याआधी लिहून टाकतो. घेताना मी मराठीत बरंच शोधलं होतं, काही मिळालं नाही, आणि दुकानाच्या पानावर सगळे पाच तारे देऊन मोकळे झालेले.

बायकोला बारिलोचेच्या अणुकेंद्रात वर्षभराची फेलोशिप मिळाली म्हणून आम्ही चौघे पुण्याहून इकडे आलो. थोरला सात वर्षांचा, धाकटी अडीच. बारिलोचे म्हणजे अर्जेंटिनात, पॅटागोनियाच्या उत्तर भागात, नाऊएल वापी तळ्याच्या काठावरचं गाव. भोवती १९३४ साली स्थापन झालेलं, देशातलं पहिलं राष्ट्रीय उद्यान. शनिवारी घरात बसणारा माणूस इथे आजारी समजतात.

कॅरिअर म्हणजे अॅल्युमिनियमचा सांगाडा, त्यात मुलाची बैठक, जाड कमरपट्टा, वर सनशेड, खाली टेकू. रिकामं वजन सव्वातीन किलो. मूल आणि सामान मिळून २२ किलोपर्यंत चालतं म्हणतात. धाकटी तेव्हा साडेबारा किलोची होती, आता चौदाची आहे. पाणी, डायपर, जॅकेट धरून माझ्या पाठीवर अठरा-एकोणीस किलो असायचे. राजगड-हरिश्चंद्रगड केलेल्या माणसाला वजनाचं काय एवढं, असं वाटलं होतं. पण सॅक हलत नाही. ही हलते, मागून केस ओढते आणि प्रश्न विचारते. आईला व्हिडिओ कॉलवर दाखवलं तर ती म्हणाली, "अरे, हा तर विक्रम आणि वेताळ!" तेव्हापासून घरात त्याचं नाव वेताळच.

पहिली चाचणी सेरो कांपानारिओ या टेकडीवर. वर जायला चेअरलिफ्ट आहे, पण आम्ही पायवाटेने गेलो. अर्ध्या तासाचा खडा चढ. माथा १०४९ मीटर, वरून तळी, द्वीपकल्पं, बेटं असा सगळा पसारा दिसतो. तिथेच टेकूची किंमत कळली. जमिनीवर ठेवलं की कॅरिअर खुर्चीसारखं उभं राहतं आणि धाकटी त्यातच बसून केळं खाते. मात्र एक हात कायम सांगाड्यावर ठेवावा लागतो, कारण इथला वारा.

आपल्याला सह्याद्रीत पावसाची सवय असते, म्हणून मी रेनकव्हर बघून घेतलं होतं. इथे बघायला हवा होता वारा. पश्चिमेकडून येतो आणि खिंडीत शिरला की थांबतच नाही. सनशेड तिथे शिडासारखं फुगतं आणि माणूस एक पाऊल बाजूला पडतो. ऑक्टोबरानंतर ते मी झाडीबाहेर पडताच काढून ठेवायला लागलो. बदल्यात तिला मानेपर्यंत येणारी टोपी आणि भरपूर सनस्क्रीन, कारण ऊन इथे गार लागतं आणि भाजतं जोरात.

दुसरी गोष्ट कुठल्याच माहितीपत्रकात नव्हती. चढावर मी घामाने निथळत असतो आणि पाठीवरची पोर गारठलेली असते. ती हलत नाही, पाय लोंबकळतात, पट्टा मांडीखाली रुततो. एकदा तळ्याकाठी उतरवली तर पाय निळसर आणि मुंग्या आलेले. त्यानंतर पाय टेकवायच्या रिकिबी उंच बांधल्या आणि दर चाळीस मिनिटांनी खाली सोडायची असा नियम केला. इथल्या आज्यांना हे आधीपासून ठाऊक आहे. २० नंबरच्या बसमध्ये कॅरिअर घडी करून चढलो की कोणीतरी लगेच उठून जागा देणार आणि शेजारची आजी विचारणार, पोरीला थंडी नाही ना वाजत? "पोनेले ऊना काम्पेरिता", म्हणजे एखादं जॅकेटुलं घाल की तिला. अगदी आपल्या कानटोपीवाल्या आज्या. याच बसने शेवटच्या थांब्यावर, म्हणजे ल्याओ ल्याओला (म्हणतात मात्र शाओ शाओ), उतरून अरायानच्या राईत जाता येतं. दालचिनीच्या रंगाची, हाताला गार लागणारी खोडं. वाट सपाट. तिथे वेताळ उतरवायचा आणि पोरीला मोकळं सोडायचं.

रंगाबद्दल सांगतो, कारण इथे मी सपशेल चुकलो. गडद निळं घेतलं, मळ दिसणार नाही म्हणून. डिसेंबराच्या शेवटापासून जानेवारीभर इथे ताबानो असतात. आपल्या गोमाशीचीच जात, पण बोटाच्या पेराएवढी. गडद रंगावर त्या तुटून पडतात. लागो गुतिएरेस तळ्याच्या काठाने चालताना आमचं कॅरिअर म्हणजे त्यांची जत्रा झाली. धाकटीला चावल्या नाहीत फारशा, पण ती इतकी किंचाळली की समोरून येणारी मंडळी वाट सोडून उभी राहिली. शेवटी आईने दिलेला जुना पांढरा पंचा कॅरिअरवर गुंडाळला. दिसायला भयंकर, पण गर्दी बरीच कमी झाली.

मार्चात रेफुहिओ फ्रेय या डोंगरातल्या निवाऱ्याला गेलो. पायथ्याच्या विशा कातेद्रालपासून साधारण सातशे मीटर चढ. नेहमीची माणसं चार तासांत जातात, आम्हाला साडेसहा लागले. आधी डोंगराच्या सोंडेला वळसा घालत सपाट वाट, मग लेंगाच्या झाडांचं रान, मग प्रचंड खडकाखाली बांधलेली पिएद्रितासची लाकडी झोपडी. तिथे थोरल्याने वर चढायला साफ नकार दिला आणि धाकटीने चालायचा हट्ट धरला. म्हणून शेवटच्या चढावर मी वेताळात दोघांची जॅकेटं आणि डबे भरले, बायकोने थोरल्याला गोष्ट सांगत ओढलं, आणि अडीच फुटी बाई काठी घेऊन पुढे. १७०० मीटरवर तोंचेक तळ्याकाठचं १९५७ सालचं दगडी घर दिसलं तेव्हा तिने मागे वळून "या लवकर" म्हटलं.

उतरताना घसाऱ्यावर छातीच्या पट्ट्याचं बकल तडकलं. वजन सगळं खांद्यांवर आलं, उरलेली वाट बुटाची नाडी बांधून काढली. कंपनीला लिहिलं. तीन आठवड्यांनी उत्तर आलं की वॉरंटी फक्त विकत घेतलेल्या देशात. गावातल्या बूट दुरुस्त करणाऱ्याने दहा मिनिटांत दुसरं बसवून दिलं. ते मूळच्यापेक्षा जाड आहे आणि अजून टिकून आहे. घेणाऱ्यांनी दोन सुटी बकलं सोबत ठेवावीत, दहा ग्रॅमचं काम.

ठेवायचं कुठे, हाही प्रश्न असतो. अंगणातल्या लाकडी खोलीत ठेवत होतो, तर घरमालकीणबाईंनी त्याचे खिसे उलटे करून बिस्किटांचा चुरा दाखवला. इथे कोलिलार्गो नावाच्या लांब शेपटीच्या उंदरापासून हांताव्हायरस हा जीवघेणा विषाणू पसरतो, त्यामुळे बंद खोली आधी दारं उघडून वाऱ्यावर सोडायची आणि खाणं डब्यातच ठेवायचं, असं शाळेतल्या पोरांनाही माहीत असतं. त्या दिवसापासून वेताळ आमच्या बेडरूममध्ये.

सगळ्यात वसूल झालं ते त्रोनादोरला. डोंगर साडेतीन हजार मीटरच्या आसपास, आणि वरून हिमकडे कोसळताना गडगडतो म्हणून हे नाव. पायथ्याच्या पांपा लिंदाचा रस्ता अरुंद, म्हणून गाड्या सकाळी ठरावीक वेळेत फक्त वर आणि दुपारनंतर फक्त खाली. दिवस लांबला, झोप कॅरिअरमध्येच झाली. खडकांच्या चुऱ्याने काळ्या पडलेल्या हिमनदीसमोर निरभ्र आभाळात गडगडाट झाला तशी मागून झोपाळू आवाज आला, "बाबा, छत्री?"

तारे द्यायचे तर साडेतीन. अर्धा बकलने खाल्ला, एक रंगाने. अडीच ते साडेतीन वर्षांच्या मुलासाठी घ्या, पण नवं घेऊ नका. इथल्यासारख्या गावात दर हंगामाच्या शेवटी सेकंडहँड भरपूर निघतात. आमचं परवा एक जोडपं बघून गेलं. ताबानोंचं त्यांना सांगितलंय. पंचा फुकट देतोय.