बायोडेटात लिंक कुठली द्यायची: स्कॉलर की स्कोपस?

आमच्याकडे पीएचडीचे शेवटचे महिने आले की हा प्रश्न हमखास निघतो. अर्जासोबत सायटेशनचा, म्हणजे आपले पेपर इतरांनी किती वेळा उद्धृत केले त्याचा, आकडा द्यायचा तर गूगल स्कॉलरचा की स्कोपसचा? दोन्ही म्हणजे शोधनिबंध शोधायच्या आणि सायटेशन मोजायच्या वेबसाइट; दोन्ही आल्या २००४ साली, दोन्हींवर मी बरीच वर्षं काढली आहेत. तेव्हा अनुभव सांगतो, निर्णय तुमचा.

आधी माझे आकडे. एच-इंडेक्स स्कॉलरवर १४ (म्हणजे किमान १४ वेळा उद्धृत झालेले १४ पेपर), स्कोपसवर ११. माणूस एकच, काम तेच. स्कॉलर प्रबंध, प्रीप्रिंट (जर्नलच्या तपासणीआधीच वेबवर टाकलेले पेपर), परिषदेच्या पुस्तिका असं वेबवर हाती लागेल ते मोजतं. स्कोपस निवडक जर्नलं, पुस्तकं आणि परिषदा यांच्या बाहेर फारसं पाहत नाही. त्यामुळे स्कॉलरचा आकडा बहुतेकांचा मोठाच दिसतो, आणि मोठा आकडा कुणाला नको असतो? शिवाय ते फुकट आहे, प्रोफाइल पाच मिनिटांत तयार होतं, आणि नवा पेपर आला की दोन-चार दिवसांत तिथे दिसतो. स्कोपस आपलं निवांत असतं. पूर्ण शोध वर्गणीवर, म्हणजे लहान कॉलेजातून तुम्ही आपलं प्रोफाइल पाहणार आणि गप्प बसणार.

इथवर वाचून स्कॉलर घ्यावंसं वाटेल. मीही तेच घेतलं होतं.

माझं आडनाव पाटील, आद्याक्षरं एस. डी. महाराष्ट्रात एस. डी. पाटील किती असतील याचा हिशेब नको. काही वर्षांपूर्वी ठाण्यातल्या एका कॉलेजात मुलाखतीला गेलो. समितीतल्या एका ज्येष्ठ सरांनी माझ्या स्कॉलर प्रोफाइलची छापील पानं समोर ठेवली आणि चष्म्यावरून बघत विचारलं, "पाटील, तुमच्या लायपेजचं आणि उसाच्या बेणेप्रक्रियेचं नातं काय हो?" लायपेज म्हणजे चरबी फोडणारं एन्झाइम, माझा विषय. आणि यादीत वरून तिसराच पेपर उसाचा! चाळीस-एक सायटेशन असलेला, आणि माझा अजिबात नसलेला. स्कॉलरने तो आपणहून जोडला होता. नवे लेख आपोआप जोडायची सोय मी कधी बंदच केली नव्हती. चूक माझीच, पण "तो मी नव्हे" हे समितीपुढे सांगताना चोरी केल्यासारखंच वाटलं. परतताना ट्रान्स-हार्बरच्या लोकलमध्ये उभ्या उभ्या एकेक परका पेपर काढत बसलो. ऐरोली, रबाळे, घणसोली गेलं तरी संपेनात. नेरूळला उतरलो तेव्हा एच-इंडेक्स दोनाने उतरला होता.

आता ती सोय "आधी मला ईमेलने विचारा" अशी करून ठेवली आहे. तुम्हीही आजच करा.

स्कोपसवर दुखणं उलटं. तिथे माझे दोन तुकडे झाले होते, "पाटील एस." आणि "पाटील एस. डी.". एकत्र करायची विनंती पाठवली, उत्तर यायला तीनेक आठवडे लागले. चिडलो होतो. पण नंतर ऑर्किडचा (ORCID, प्रत्येक संशोधकाची वेगळी ओळख) सोळा अंकी क्रमांक जोडून टाकला, आणि आता तिकडे वर्षातून दोनदा डोकावलं तरी पुरतं. वाट पाहायला लावतं, पण माझ्या नावावर दुसऱ्याचा ऊस तरी लावत नाही.

अर्थात आकडा कुठलाही घ्या, आपल्या बायोकेमिस्ट्रीत तो जपूनच वाचावा. प्रथिनं मोजायच्या पद्धतीवरचा लॉरी आणि सहकाऱ्यांचा १९५१चा पेपर तीन लाखांहून जास्त वेळा उद्धृत झालाय. इथे पद्धत देणाऱ्याला असं भरभरून मिळतं. माझाही सर्वाधिक सायटेशनचा पेपर एका एसेतल्या (मोजणीच्या चाचणीतल्या) किरकोळ दुरुस्तीचा आहे. ज्या कामावर चार वर्षं घालवली, ते पाचव्या क्रमांकावर.

तुमचं आडनाव वेगळं असेल, किंवा बरंचसं काम प्रीप्रिंट आणि प्रबंधात असेल, तर स्कॉलर वाईट नाही. पाटील, जाधव, शिंदे मंडळींनी मात्र मला वाटतं स्कोपसची लिंक द्यावी आणि शेजारी ऑर्किड. आकडा दोन-तीनने कमी दिसेल, दिसू दे.

परवा खारघरच्या एका ज्युनिअरला हेच सांगत होतो. त्याने मोबाइलवर आपलं स्कॉलर उघडलं. एन्झाइम कायनेटिक्सच्या दोन पेपरांच्या मधोमध कोंबडीखाद्यावरचा एक लेख बसला होता. "हा कुणाचा रे?" म्हटलं. त्यालाही ठाऊक नव्हतं.