म्हाताऱ्या कुत्र्यासाठी गाडीचा रॅम्प: आधी लांबी बघा, किलो नंतर

रॅम्पच्या, म्हणजे कुत्र्याला गाडीत चढवायच्या तिरक्या फळीच्या, खोक्यावर सगळ्यात ठळक छापलेलं असतं ते म्हणजे हा किती किलोचा कुत्रा पेलतो. पण कुत्र्याच्या वजनाने रॅम्प मोडल्याचं क्वचितच ऐकू येतं. घेतलेला रॅम्प माळ्यावर जाऊन पडतो तो दोन कारणांनी. एक तर चढ फार उभा असतो, नाहीतर कुत्रा मध्यावर आला की फळी लचकते. एकदा पायाखालची फळी हलली की म्हातारा कुत्रा पुन्हा तिच्यावर पाय ठेवायला सहजी तयार होत नाही.

म्हणून आधी टेप घ्या. गाडी रिकामी असताना जमिनीपासून डिकीच्या कडेपर्यंतची उंची मोजा, कारण भरलेली गाडी खाली बसते आणि माप फसवतं. या उंचीला रॅम्पच्या लांबीने भागा. उत्तर ०.३३ च्या आसपास आलं तर चढ साधारण १९-२० अंशांचा, म्हणजे छान. ०.४ म्हणजे २४ अंश, चालून जातं. ०.५ म्हणजे सरळ ३० अंश, आणि दुखऱ्या खुब्यांच्या कुत्र्याला तो डोंगरच. डिकी ७५ सेंटीमीटर उंच असेल तर १५० सेंटीमीटरच्या रॅम्पचं उत्तर नेमकं ०.५ येतं. १८० चा घेतला तर चढ २५ अंशांच्या आत येतो. शिवाय वरचं टोक पाच-दहा सेंटीमीटर आत टेकवावं लागतं, तेवढी लांबी वजा धरा. फूटपाथची कड जवळ असेल तर रॅम्पचा पाय तिच्यावर ठेवा. १५ सेंटीमीटर उंची तिथेच वाचते आणि १८० च्या रॅम्पचा चढ २० अंशांच्या आसपास उतरतो.

बाजारात मुख्यतः तीन प्रकार दिसतात. एकदा दुमडणारा प्लास्टिकचा रॅम्प पाच-सात किलोचा असतो, उघडायला सोपा आणि पावसात भिजला तरी बिघडत नाही. त्याची परीक्षा बिजागरीची. उघडून दोन्ही टोकं विटांवर टेकवा आणि मध्यावर हाताने जोर द्या. डोळ्यांना दिसेल इतका वाकला तर ३० किलोच्या लॅब्रॅडॉरसाठी तो बाद, मग खोक्यावर काहीही लिहिलेलं असो. तीन घड्यांचा रॅम्प डिकीत कमी जागा खातो, पण बिजागऱ्या दोन, म्हणजे लचक आणि फटी दोन ठिकाणी. छोटी गाडी आणि मध्यम कुत्रा असेल तरच तो घ्यावा.

सरकवून लांब होणारा ॲल्युमिनियमचा रॅम्प या तिघांत सगळ्यात घट्ट. मोठ्या कुत्र्यासाठी आमचं मत याच्याच बाजूने. खोडी मात्र आहेत. भाग सरकवताना खडखडाट होतो आणि घाबरट कुत्रा त्या आवाजानेच मागे हटतो, म्हणून रॅम्प आधी लावून मगच कुत्र्याला आणा. जिथे एक भाग दुसऱ्यात शिरतो तिथे लहानसा उंबरा राहतो, त्यात नख अडकू शकतं. लॉकच्या बटणांत धूळ-वाळू बसली की ती अर्धवटच बाहेर येतात. प्रत्येक वेळी दोन्ही बटणांचा ‘टक’ आवाज ऐका, मगच भार द्या. बोटं चिमटण्याची जागाही तीच. आणि ऊन लागलेल्या धातूवर पंजा ठेवण्याआधी आपला तळहात पाच-सात सेकंद ठेवून बघा. आपल्याला सोसवत नसेल तर त्यालाही सोसणार नाही.

रुंदी ४० सेंटीमीटरच्या खाली नको. काही म्हातारे कुत्रे मागचे पाय फाकवून चालतात आणि अरुंद फळीवरून एक पाय सुटला की सगळाच तोल जातो. दोन्ही कडांना दीड-दोन सेंटीमीटरची उभी पट्टी असली तर पंजाला कड लागते आणि तो आत राहतो. कमी दिसू लागलेल्या कुत्र्यासाठी या कडांवर पिवळी किंवा पांढरी टेप चिकटवा.

पृष्ठभाग कसा हवा, यावर दुमत आहे. सँडपेपरसारखा खरखरीत थर पकड उत्तम देतो, पण रोज दोन-चार वेळा वापर असेल तर पंज्याच्या गाद्या घासतात. रबरी थर पंज्यांना मऊ, पण ओला आणि चिखलाचा झाला की घसरतो. रबर घ्या आणि कोरडं फडकं डिकीतच ठेवा, हे आम्हाला जास्त पटतं. कुठल्याही थरावर कुत्रा घसरत असेल तर आधी त्याचे पंजे बघा. वाढलेली नखं आणि गाद्यांमधले केस असतील तर महागडा रॅम्पही निरुपयोगी.

लावताना सर्वांत जास्त चूक होते ती वरच्या टोकाची. कुत्रा चढताना मागच्या पायांनी रॅम्प मागे ढकलतो. टोक नुसतं कडेवर टेकवलेलं असेल तर ते सरकतं. सोबत सुरक्षा पट्टा येतो तो डिकीच्या लॉकच्या कडीत अडकवून ताणून घ्या. पट्टा नसेल तर तो रॅम्प घेऊच नका. हँडब्रेक लावलेला असावा, हे सांगायला नको.

आता शिकवणं. पहिले दोन-तीन दिवस रॅम्प जमिनीवर सपाट. फुटाफुटावर खाऊचा तुकडा, पाच मिनिटं, संपलं. मग एक टोक १०-१५ सेंटीमीटरच्या पायरीवर. तिथे न अडखळता चालला की मगच गाडी. कुत्र्याला धरायची दोरी गळ्यातल्या कॉलरला नको, हार्नेसला (छातीभोवतीच्या पट्ट्याला) लावा आणि बाजूने चाला. समोर उभं राहून ओढलं की कुत्रा मागे जोर लावतो, आणि मागे रॅम्पची कड असते. अर्ध्यावर थांबला तर थांबू द्या, फक्त बाजूने उडी मारू देऊ नका.

उतरणं चढण्यापेक्षा अवघड, हे बरेच जण विसरतात. सपाट जमिनीवरही कुत्र्याचा सुमारे ६० टक्के भार पुढच्या पायांवर असतो आणि उतारावर तो आणखी पुढे जातो. खुबे दुखणारा कुत्रा चढताना कुरकुरतो, कोपरं किंवा खांदे दुखणारा उतरताना. उतरताना छातीपुढे हात ठेवा, तो घाईत सुटला तर वेग आवरता येतो. काल चढणारा कुत्रा आज पाय उचलत नसेल तर तो हट्ट समजू नका, पशुवैद्याला दाखवा. माणसांच्या वेदनाशामक गोळ्या मात्र देऊ नका, त्यांतल्या कित्येक कुत्र्यांना विषारी ठरतात.

दहा-बारा किलोच्या आतला कुत्रा असेल आणि तो उचलू देत असेल, तर रॅम्पची गरजच नाही. एक हात छातीखाली, दुसरा मांड्यांच्या मागून, पाठ जमिनीला समांतर. डॅशहाउंडसारख्या लांब पाठीच्या कुत्र्याला तर काखेत धरून लटकत कधीच उचलू नये.