थीमॅटिक ॲनालिसिस की ग्राउंडेड थिअरी: प्रबंधासाठी आधी काय शिकावं?

मुलाखतींतून अर्थ काढायच्या या दोन पद्धती: पहिली त्यांतले समान धागे शोधते, दुसरी त्यांतून स्पष्टीकरण उभं करते. यातली कोणती शिकावी, हा प्रश्न बहुतेक वेळा उशिरा विचारला जातो. वीस मुलाखती रेकॉर्ड झालेल्या असतात, मोबाइलची मेमरी भरलेली असते आणि मग विद्यार्थी विचारतो, "आता यावर कोणती पद्धत लावू?" सगळ्या मुलाखती उरकून बसला असाल तर निम्मा निर्णय झालाच आहे. ग्राउंडेड थिअरीची गाडी तुमच्यापुरती सुटली.

कारण या दोन पद्धतींतला खरा फरक कोडिंगमध्ये, म्हणजे मुलाखतीतल्या तुकड्यांना छोटी नावं देण्यात, नाही, मुलाखती आणि विश्लेषण यांच्या क्रमात आहे. बार्नी ग्लेसर आणि अन्सेल्म स्ट्रॉस यांनी 1967 साली ग्राउंडेड थिअरी मांडली, ती रुग्णालयांत मरणाच्या दारातल्या रुग्णांभोवती काय चालतं याचा अभ्यास करताना. थोडं पाहायचं, त्याचं विश्लेषण करायचं आणि त्यावरून पुढे कुणाकडे जायचं ते ठरवायचं, अशी ही ये-जा. थीमॅटिक ॲनालिसिसला ती सक्ती नाही. व्हर्जिनिया ब्राउन आणि व्हिक्टोरिया क्लार्क यांनी 2006 च्या लेखात सांगितलेले सहा टप्पे हातात तयार असलेल्या ट्रान्स्क्रिप्टवरही चालतात.

एक वाक्य घेऊ. समजा, डेअरीला दूध घालणारी एक बाई म्हणाली, "पैसे माझ्या खात्यात येतात, पण पासबुक ह्यांच्याकडं असतं."

थीमॅटिक ॲनालिसिसमध्ये याला मी 'खातं तिचं, पासबुक नवऱ्याकडं' असा कोड देईन. इतर मुलाखतींत 'सही माझी, हिशेब त्यांचा' असं काही सापडलं, तर त्या कोडांना जोडणारा अर्थ, म्हणजे 'कागदावरची मालकी' अशी थीम, उभी राहील. ग्राउंडेड थिअरीत इथेच थांबून मेमो, म्हणजे स्वतःसाठीचं टिपण, लिहावा लागतो: पासबुक स्वतःकडे ठेवणाऱ्या बायका कोण? त्यांनी ते कधी आणि कसं मिळवलं? मग पुढची मुलाखत मुद्दाम अशाच बाईची. ती एखादी विधवा असेल, नवरा मुंबईला असलेली असेल, नाहीतर सासूशी भांडून वेगळी राहिलेली. शेवटी हाती यायला हवं ते पैशावरचा ताबा कसा बदलत जातो याचं स्पष्टीकरण. नुसत्या थीम्सची यादी पुरत नाही.

ऐकायला दुसरी पद्धत भारी वाटते आणि तिथेच मुलं फसतात. आपल्याकडे सिनॉप्सिसमध्ये उद्दिष्टांखाली गृहीतकं लागतात, "सॅम्पल किती?" हा प्रश्न पहिल्याच सादरीकरणात येतो. ग्राउंडेड थिअरी गृहीतक घेऊन निघतच नाही आणि नवं काही मिळेनासं होईपर्यंत आकडाही नक्की सांगत नाही. गाईड आकडेवारीत वाढलेले असतील तर वर्षभर हाच वाद घालत बसाल. शिवाय तिच्यात भाऊबंदकी आहे. स्ट्रॉस यांनी ज्युलिएट कॉर्बिनसोबत 1990 मध्ये आपली वाट मांडली, ग्लेसर यांनी 1992 मध्ये तिच्यावर सडकून टीका केली आणि कॅथी शारमाझ यांची वाट आणखी वेगळी. एकीची कोडिंग पद्धत आणि दुसरीची परिभाषा घेतली, तर व्हायवाला जाणकार परीक्षक दोन प्रश्नांत पकडतो. नवख्याला शारमाझ यांची वाट मला त्यातल्या त्यात सोपी वाटते.

थीमॅटिक ॲनालिसिस मात्र सोपं वाटतं म्हणून बिघडतं. 'आर्थिक अडचणी', 'कौटुंबिक अडचणी', 'प्रशासकीय अडचणी' अशा तीन थीम्स मी इतक्यांदा वाचल्या आहेत की आता हसू येतं. या थीम्स नव्हेत. प्रश्नावलीचीच मथळ्यांत केलेली उजळणी आहे. 'थीम्स उदयाला आल्या' असंही लिहू नका. त्या तुम्ही घडवता, आणि ब्राउन-क्लार्क यांचाही या शब्दप्रयोगाला आक्षेप आहे.

कष्ट दोन्हीकडे आहेत. तासाभराची मुलाखत उतरवायला चार-सहा तास सहज जातात. ट्रान्स्क्रिप्ट मराठीतच ठेवा, कोडही मराठीतच द्या. इंग्रजी फक्त प्रबंधात येणाऱ्या अवतरणांपुरतं. 'ह्यांच्याकडं' या शब्दातलं अख्खं नातं भाषांतरात गळून जातं. सॉफ्टवेअरची चिंता शेवटी करा. एनव्हिवो विकत घ्यावं लागतं, टॅगेट फुकट आहे, आणि दहा मुलाखतींना एक्सेलही पुरतं.

तेव्हा एमबीएचा प्रोजेक्ट, एमएसडब्ल्यूचा लघुप्रबंध किंवा एखाद्या संस्थेसाठी तीन महिन्यांत द्यायचा अहवाल असेल, तर सरळ थीमॅटिक ॲनालिसिस शिका. पीएचडी असेल, हाताशी दोन-तीन वर्षं असतील, विषय 'हे कसं घडत जातं' असा असेल आणि गावात पुन्हा पुन्हा जाता येणार असेल, तरच ग्राउंडेड थिअरीकडे वळा. नैतिकता समितीची परवानगी मागताना प्रश्न आणि माणसं वाटेत बदलतील हे अर्जातच लिहा, नाहीतर सहाव्या मुलाखतीनंतर सुधारित अर्ज घेऊन पुन्हा रांगेत उभं राहावं लागेल.