बॅटरी बदलायला गेलो, व्हिडिओ तपासून आलो (साक्री, स्टँडजवळचं मोबाईलचं दुकान)

पाचपैकी चार स्टार. एक कापला तो दुपारच्या बंदसाठी. दीड ते चार शटर खाली, आणि तसं बाहेर कुठे लिहिलेलं नाही. दहिवेलकडून उन्हात गाडी हाकत आलेला माणूस तोवर रसवंतीत बसून राहतो.

काम बॅटरीचं होतं. फुगून मागचं झाकण वर आलं होतं. साडेसहाशे घेतले, शिवाय शंभराचा गार्ड. काढलेली बॅटरी हातात दिली, हे आवडलं. बसायला एकच स्टूल, आणि बिल मागाल तरच मिळतं.

पण लिहायला बसलो ते वेगळ्याच कारणासाठी. फोन चालू झाला आणि भाऊबंदकीच्या ग्रुपवर व्हिडिओ येऊन पडला. खड्ड्यात मेलेल्या कोंबड्यांची पोती रिकामी करताहेत, वर लाल अक्षरांत ‘नवापुरात बर्ड फ्लू, चिकन बंद करा’. माझं शेड आहे. अडीच हजार पक्षी, चार दिवसांवर उचल, म्हणजे विक्री. पोटात गोळाच आला. 2020 च्या मार्चमध्ये चिकनने कोरोना होतो अशी आवई उठली, तेव्हा दहा रुपये किलोनेही कोणी पक्षी नेईना. ती बॅच मी गावात फुकट वाटली होती.

दुकानदार म्हणाला, “दखाड बरं, दादा.” त्याने व्हिडिओ थांबवून स्क्रीनशॉट घेतला आणि गूगल लेन्समध्ये (चित्रावरून तेच चित्र इंटरनेटवर शोधतं ते) टाकायच्या आधी लाल अक्षरांची पट्टी कापली. पट्टी ठेवली तर ते अक्षरांच्याच मागे लागतं, म्हणे. पहिल्या खेपेला काही सापडलं नाही. मग जिथे जेसीबी आणि मागचं पत्र्याचं शेड दिसतं तिथे थांबवला, तेव्हा बातमीचं पान उघडलं: फेब्रुवारी 2021. त्या वर्षी नवापूरला बर्ड फ्लू खरंच आला होता, 2006 मध्येही आला होता. म्हणजे चित्र खरं, गाव खरं, साल तेवढं खाल्लेलं. धडधडीत खोटं परवडलं, ते लगेच कळतं तरी. एवढ्यावरही तो थांबला नाही, पशुवैद्यकीय दवाखान्यात फोन लावायला लावला. यंदा तसं काही नाही हे तिथून कळलं, तेव्हा ग्रुपवर लिहिलं. पीआयबीचं, म्हणजे केंद्राच्या पत्र सूचना कार्यालयाचं, फॅक्ट चेक 2019 पासून आहे, पण ते केंद्र सरकारशी संबंधित दावे बघतं. आमच्या कोंबड्या त्यात कुठे बसणार!

माझ्यानंतर एक आजी आल्या, त्यांच्या फोनवर अहिराणीतला आवाज: पोरं पळवणारी टोळी फिरतेय, दिसेल त्याला धरा. आवाजाला लेन्स काय करणार? दुकानदाराने त्यांना मेसेजवरचे दोन बाण दाखवले, म्हणजे हे पाच-पाच हातांतून फिरून आलंय. मग आजींच्याच फोनवरून ग्रुपला विचारलं, “बोलणारा कोण शे? गाव कोणतं? कव्हयनी गोष्ट शे?” म्हणजे केव्हाची गोष्ट. उत्तर कोणीच दिलं नाही. थोड्या वेळाने क्लिप डिलीट झालेली दिसली.

“राईनपाडा आठवस ना?” एवढंच तो बोलला. आमच्याच तालुक्यातलं गाव. 1 जुलै 2018, आठवडे बाजाराचा दिवस. भिक्षेला आलेल्या नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच जणांना पोरं पळवणारे समजून जमावाने मारून टाकलं, ग्रामपंचायतीच्या खोलीत. त्या सुमारास मोटारसायकलवरून पोर उचलून नेतात असा एक व्हिडिओ देशभर फिरत होता. मुळात तो कराचीतल्या एका संस्थेने मुलांच्या सुरक्षेसाठी केलेला. शेवटी पोराला परत आणून सोडतात आणि फलक दाखवतात, तेवढंच कापलेलं. व्हॉट्सॲपने पाचच ठिकाणी फॉरवर्डची मर्यादा आणली ती त्याच महिन्यात, राईनपाड्यानंतर. त्याआधी तो व्हिडिओ मी किती ग्रुपवर टाकला ते आज आठवतही नाही. दुकानात हे बोललो नाही.

तपासायचे पैसे तो घेत नाही. गर्दी असली की मात्र “चार वाजेनंतर या” म्हणतो आणि पोऱ्या मोठ्या आवाजात रील्स बघत बसलेला असतो. बॅटरी दीड महिना झाला, चांगली चालतेय. गार्डखाली कोपऱ्यात एक बुडबुडा राहिलाय, पुढच्या खेपेला बदलून घ्यायचा आहे.