'घरी कळेल का?' या एका प्रश्नावर टेली-मानसची पारख

अकरावी-बारावीतली मुलं मनातलं बोलायच्या आधी एकच गोष्ट विचारून घेतात: घरी कळेल का? मनाच्या त्रासाबद्दल बोलण्यासाठी सरकारने चालवलेल्या १४४१६ या टेली-मानस फोनसेवेची पारख इथे त्याच प्रश्नावर केली आहे. पहिल्या पायरीवर सेवा चांगली उतरते. दुसऱ्या पायरीवर पालक मध्ये येतात, कारण कायदा तसा आहे. ही दुसरी पायरी नेमकी कुठे लागते हे मुलाला फोन लावण्याआधी माहीत असायला हवं. नाहीतर अर्ध्यात आल्यावर त्याला फसवल्यासारखं वाटतं आणि तो पुन्हा कुणाकडेच जात नाही.

टेली-मानस १० ऑक्टोबर २०२२ रोजी सुरू झालं. बंगळुरूची निम्हान्स ही मानसिक आरोग्याची राष्ट्रीय संस्था त्याचं मध्यवर्ती केंद्र. नंबर १४४१६, तो लागला नाही तर १८००-८९१-४४१६. चोवीस तास चालू, पैसे लागत नाहीत. सुरुवातीला ध्वनिमुद्रित आवाज भाषा निवडायला सांगतो, त्यात मराठी आहे. मग प्रशिक्षित समुपदेशक फोनवर येतो. प्रकरण त्याच्या आवाक्याबाहेरचं वाटलं तर तो तज्ज्ञाकडे किंवा जिल्हा रुग्णालय, वैद्यकीय महाविद्यालय अशा ठिकाणी पाठवतो.

समुपदेशकाशी बोलायला कुणाची सही लागत नाही. पंधरा वर्षांची मुलगी रात्री अकराला गच्चीवर जाऊन फोन लावू शकते, परीक्षेबद्दल, झोप उडाल्याबद्दल, घरातल्या भांडणांबद्दल बोलू शकते. या सेवेची सगळ्यात मोठी जमेची बाजू हीच. आपल्याकडे अठराच्या आतल्या मुलाला पालकांशिवाय उघडता येतील अशी दारं फार कमी आहेत.

औषधाची गोष्ट आली की चित्र बदलतं. २५ मार्च २०२० च्या टेलिमेडिसिन मार्गदर्शक सूचना म्हणतात की रुग्ण अज्ञान (म्हणजे अठराच्या आतला) असेल तर डॉक्टरने फोनवर किंवा व्हिडिओवर सल्ला द्यायचा तो सोबत प्रौढ व्यक्ती असेल तरच, आणि त्या व्यक्तीची ओळख पटवून घ्यायची. म्हणजे समुपदेशकाशी एकट्याने बोललेल्या मुलाची फाइल मानसोपचारतज्ज्ञाकडे गेली की शेजारी मोठं माणूस हवं. मुलं इथेच फोन ठेवून देतात. समुपदेशकाने ही गोष्ट पहिल्या पाच मिनिटांत सांगितली तर कुणाला सोबत घ्यायचं हे ठरवायला मुलाला वेळ मिळतो.

आता गुप्ततेचं. मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ चं कलम २३ मानसिक आजार असलेल्या व्यक्तीला गुप्ततेचा हक्क देतं आणि त्यात वयाची अट नाही. शिक्षक, नातेवाईक, शेजारी यांना माहिती देता येत नाही. पण त्याच कलमात अपवाद आहेत. कुणाच्या जिवाला धोका असेल तर, दुसऱ्या कुणाला इजा होणार असेल तर, उपचार करणाऱ्या इतर तज्ज्ञांना गरज असेल तर, न्यायालयाचा किंवा मानसिक आरोग्य पुनर्विलोकन मंडळाचा आदेश असेल तर माहिती देता येते. आणि आणखी एक अपवाद आहे, जो मुलांच्या बाबतीत सगळं उलटंपालटं करतो: 'नामनिर्देशित प्रतिनिधी'ला, म्हणजे उपचाराच्या निर्णयांत रुग्णाच्या बाजूने उभं राहणाऱ्या माणसाला, त्याचं काम करता यावं म्हणून माहिती देता येते. मोठा माणूस हा प्रतिनिधी स्वतः निवडतो. अठराच्या आतल्यांसाठी कलम १५ तो ठरवून टाकतं: कायदेशीर पालक. ज्याच्यापासून मुलाला गोष्ट लपवायची असते, तोच बहुतेक वेळा कायद्याने त्याचा प्रतिनिधी असतो.

तरी 'त्याचं काम करता यावं म्हणून' हे शब्द नीट वाचावेत. पालकाला उपचाराचा निर्णय घेण्यापुरती माहिती लागते: निदान काय, औषध कोणतं, धोका किती. मुलीने मैत्रिणीबद्दल काय सांगितलं, मुलाने बाबांवर कसला राग धरलाय, हे त्या कामासाठी लागत नाही. चांगला समुपदेशक ही रेष पाळतो, आणि ती पाळली जातेय का हे विचारण्याचा मुलाला पूर्ण अधिकार आहे. फोन लागल्यावर पहिलंच वाक्य असं असू द्या: "ताई, मी सतरा वर्षांची आहे. मी सांगेन त्यातलं काय तुम्हाला आईबाबांना कळवावं लागेल?" उत्तर गोलमोल आलं तर तपशील सांगायची घाई करू नका. नाव सांगायला संकोच वाटला तर तसं स्पष्ट म्हणावं, पण वय खोटं सांगू नये. सल्ला आणि कायदा दोन्ही वयावर बदलतात.

एका बाबतीत गुप्ततेचं आश्वासन कुणीच देऊ शकत नाही. पोक्सो कायदा, २०१२ च्या कलम १९ नुसार अठराखालच्या मुलावर लैंगिक अत्याचार झाल्याचं किंवा होण्याची भीती असल्याचं कळलेल्या प्रत्येकाने ते पोलिसांना कळवायचं असतं. समुपदेशक, डॉक्टर, शाळा यांपैकी कुणालाही सूट नाही. न कळवल्यास कलम २१ खाली सहा महिन्यांपर्यंत कैद, दंड किंवा दोन्ही. आणि या कायद्यात अठराखालच्या मुलीची संमती धरलीच जात नाही. त्यामुळे सतरा वर्षांची मुलगी प्रियकराशी आलेल्या शारीरिक संबंधाबद्दल विश्वासाने बोलली तरी ऐकणाऱ्यावर हे बंधन येतं. तिला हे सांगून झाल्यावर कळणं क्रूर आहे. समुपदेशकाने आधी सांगायलाच हवं, आणि इथे आम्ही कुठलीही सवलत देणार नाही.

जिवाच्या धोक्याचा अपवाद मात्र मुलांना वाटतो तितका भीतीदायक नाही. 'जगावंसं वाटत नाही' एवढं म्हटलं म्हणून लगेच घरी फोन जाईल असं समजू नये. विचार किती दिवसांचा, काही ठरवलंय का, आज रात्री सोबत कोण आहे, हे आधी विचारलं जातं. धोका खरा वाटला तर घरातल्या एका मोठ्या माणसाला कळावंच लागतं, कारण शेतीच्या घरात फवारणीची औषधं आणि आजीच्या गोळ्या कुलपात कुणीतरी ठेवायला हव्यात. ते आई किंवा बाबाच असले पाहिजेत असं नाही. मावशी, मामा, मोठी बहीण, ज्याच्यावर मुलाचा भरवसा आहे त्याचं नाव मुलाने स्वतःहून पुढे करावं.

फोनच्या बाजूने होणाऱ्या चुका साध्या असतात. घरात एकच मोबाइल असेल तर कॉलच्या यादीत १४४१६ दिसतो, तो पुसावा लागतो. पुढची चौकशी करायला केंद्राकडून परत फोन येऊ शकतो आणि तो आईने उचलला तर सगळा खटाटोप वाया. म्हणून आधीच सांगून ठेवावं: परत फोन करू नका, किंवा अमुक वेळेलाच करा. दर वेळी तोच समुपदेशक मिळेल असंही नाही. आठवडे-महिने चालणाऱ्या उपचाराची जागा ही सेवा घेऊ शकत नाही. त्यासाठी समोरासमोर बसणारा माणूस शोधावा लागतो.

मग दुसरीकडे कुठे? सरकारी रुग्णालयातल्या किशोरवयीनांच्या 'मैत्री' क्लिनिकमध्ये १० ते १९ वयाच्या मुलांशी बोललं जातं, मानसिक आरोग्य आणि व्यसन हे विषयही त्यात येतात. तिथली अडचण कागदाची. केसपेपर मुलाच्या दप्तरात जातो आणि दप्तरातून आईच्या हातात. घरी न्यायचा नसेल तर तो तिथेच ठेवता येईल का, हे निघण्याआधी विचारावं. १०९८ हा नंबर मारहाण, छळ, घरातून पळून जाण्याची वेळ अशा प्रसंगांसाठी. मुलाला संरक्षण देणं हे त्याचं काम, गुप्त समुपदेशन नव्हे. पैसे घेऊन समुपदेशन देणारी ॲप बहुधा अठराची अट घालतात, कारण १८७२ च्या करार कायद्याप्रमाणे अज्ञानाशी केलेला करार टिकत नाही.

'बारा वर्षांवरची मुलं संमती देऊ शकतात' असं बरेच जण सांगतात. ती बाराची रेष फौजदारी कायद्यातली आहे, पूर्वी भारतीय दंड संहितेत होती, आता भारतीय न्याय संहितेत आली. मानसोपचाराच्या कायद्यात अशी पायरीच नाही, सरसकट अठरा. कॅलिफोर्नियातल्या मराठी घरांत वाढणाऱ्या बारा वर्षांच्या मुलाला, तेवढी समज असेल तर, रुग्णालयात भरती न होता घ्यायच्या समुपदेशनाला स्वतः संमती देता येते. इंग्लंडमध्ये १९८५ च्या गिलिक खटल्यापासून सोळाखालच्या मुलाची समज पाहून ठरवतात. आपला कायदा समज पाहत नाही, जन्मतारीख पाहतो. सतरा वर्षांच्या मुलावर हा अन्याय आहे.

पालकच त्रासाचं कारण असतील तर? मानसिक आरोग्य सेवा कायद्याच्या कलम १५ मध्येच वाट ठेवली आहे, पण ती फार कमी जणांना ठाऊक आहे. मानसिक आरोग्य व्यावसायिक किंवा मुलाच्या हिताचा विचार करणारी कुठलीही व्यक्ती मानसिक आरोग्य पुनर्विलोकन मंडळाकडे अर्ज करू शकते. पालक मुलाच्या हिताचं वागत नाहीत असं पुराव्यावरून दिसलं तर मंडळ दुसरा योग्य प्रतिनिधी नेमतं. अर्जात तारखा, घटना आणि तयार असलेल्या नातेवाइकाचं नाव लिहावं. 'पालक वाईट आहेत' एवढंच लिहिलेला अर्ज पुढे सरकत नाही.

भरती करायची वेळ आलीच तर त्याच कायद्याचं कलम ८७ लागू होतं. अर्ज पालक करतात, आणि दोन तज्ज्ञांनी त्याच दिवशी किंवा आधीच्या सात दिवसांत स्वतंत्रपणे तपासलेलं असावं लागतं, त्यातला एक तरी मानसोपचारतज्ज्ञ हवा. मुलाला प्रौढांपासून वेगळं ठेवायचं आणि पूर्ण मुक्कामात प्रतिनिधी किंवा त्याने नेमलेलं माणूस सोबत राहायचं. ७२ तासांत मंडळाला कळवायचं. मंडळाला मुलाची भेट घेऊन त्याच्याशी बोलता येतं, म्हणून मुलाने 'मला मंडळाशी बोलायचंय' असं म्हटलं तर ते हट्ट म्हणून उडवून लावू नये.

एकंदरीत, पहिल्या बोलण्यासाठी १४४१६ हीच आमची पहिली शिफारस. औषध लागणार असं वाटत असेल तर मात्र फोन लावण्याआधी एक मोठं माणूस ठरवून ठेवा. अठरावा वाढदिवस उलटला की पालक आपोआप प्रतिनिधी राहत नाहीत. त्या दिवशी साध्या कागदावर आपल्या पसंतीच्या प्रौढ व्यक्तीचं नाव लिहून खाली सही केली, त्या व्यक्तीने लेखी होकार दिला, की तीच तुमची नामनिर्देशित प्रतिनिधी. त्या कागदाची एक प्रत डॉक्टरकडे द्या, एक स्वतःजवळ ठेवा.